विश्लेषण : कोटींचा लेझर, हजारांचे सर्किट… अतिवेगवान प्रयोगांची नोंद स्वस्तात कशी होते?

एका सेकंदाचे एक कोटी भाग केले आणि त्यातील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. रेणूतील बंध तुटणे, सौरघटात प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मोकळा होणे, अशा घटना काही दहा ते काहीशे फेम्टोसेकंदांत उरकतात. त्या टिपण्यासाठी लागणारे लेझर कोट्यवधी रुपयांचे असतात. मात्र प्रयोगातून आलेला संकेत मोजून संगणकापर्यंत नेणारी यंत्रणा काही हजार रुपयांतही उभी राहू शकते. हे कसे शक्य होते, त्यात धोके कोणते आणि भारतीय प्रयोगशाळांसाठी त्याचे महत्त्व काय, याविषयी…

पंप-प्रोब प्रयोग म्हणजे काय?

या प्रयोगात लेझरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग केले जातात. पहिला भाग म्हणजे ‘पंप’. तो नमुन्यावर आदळतो आणि घटना सुरू करतो. दुसरा, तुलनेने क्षीण भाग म्हणजे ‘प्रोब’. तो थोड्या उशिराने त्याच जागी पोहोचतो आणि त्या क्षणी नमुन्याची अवस्था काय आहे, हे सांगतो. प्रोबचा किती प्रकाश नमुन्यातून पार झाला, एवढेच मोजायचे असते. दोन स्पंदांमधील अंतर थोडे थोडे वाढवत हीच कृती पुन्हा पुन्हा केली, की त्या मोजमापांतून घटनेचा जणू चित्रपट तयार होतो.

कल्पना जुनी आहे. प्रखर दिव्याच्या झोताने रासायनिक क्रिया सुरू करून दुसऱ्या झोताने तिची पाहणी करण्याचे तंत्र रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी विकसित केले. त्यासाठी त्यांना १९६७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. लेझरमुळे हे झोत कमालीचे आखूड झाले. मूळचे इजिप्तचे, अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत काम करणारे अहमद झेवेल यांच्या गटाने १९८७ मध्ये आयोडीन सायनाइडच्या रेणूतील बंध साधारण २०० फेम्टोसेकंदांत तुटताना टिपला. त्यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या डोळ्यातील रोडॉप्सिन या प्रथिनातला प्रकाश टिपणारा रेणू सुमारे २०० फेम्टोसेकंदांत आकार बदलतो, हेही याच पद्धतीने १९९१ मध्ये कळले.

मग नोंद घेणारे उपकरणही तितकेच वेगवान लागते का?

नाही, आणि या विषयाची गोम नेमकी इथेच आहे. फेम्टोसेकंद मोजू शकेल असे कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही. सर्वसाधारण प्रकाशसंवेदक, म्हणजे फोटोडायोड, नॅनोसेकंदांत प्रतिसाद देतो. एका नॅनोसेकंदात दहा लाख फेम्टोसेकंद मावतात.

पंप-प्रोबमध्ये वेळ घड्याळाने नव्हे, तर अंतराने मोजला जातो. प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रॉन जातो. माणसाच्या केसाची जाडी ओलांडायलाही त्याला दोनशेहून अधिक फेम्टोसेकंद लागतात. त्यामुळे प्रोबच्या वाटेतील आरसा सूक्ष्म सरकपट्टीवर बसवून दीड मायक्रॉन मागे सरकवला, की जाऊन-येऊन वाट तीन मायक्रॉनने वाढते आणि प्रोब १० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. आरसा एक मिलिमीटर हलवला, तर हा उशीर ६.७ पिकोसेकंदांचा, म्हणजे ६,७०० फेम्टोसेकंदांचा होतो.

घरातील पंख्याचे उदाहरण घेता येईल. पंख्याच्या प्रत्येक फेरीला एकदाच लुकलुकणारा दिवा लावला, तर फिरणारा पंखा स्थिर दिसतो. डोळा संथच असतो. चपळाई दिव्याची असते. इथेही स्पंद चपळ आहे, संवेदक संथ असला तरी चालतो. त्याला फक्त सांगायचे असते की या खेपेला किती प्रकाश आला.

मग खरी अडचण कशात आहे?

वेगात नव्हे, तर बारकाव्यात. पंपमुळे प्रोबच्या प्रकाशात होणारा बदल अनेकदा दहा हजारांत एक किंवा लाखात एक एवढाच असतो. दुसरीकडे, लेझरचा प्रत्येक स्पंद आधीच्या स्पंदाएवढाच प्रखर असेल, याची खात्री नसते. त्यांच्यात एक टक्क्याचा चढउतार असेल, तर हवा असलेला संकेत त्या चढउताराच्या शंभरावा किंवा हजारावा भाग ठरतो.

यावर पहिला उपाय सरासरीचा. मोजमापे शंभरपट वाढवली, की अनिश्चितता दहापट घटते. सेकंदाला एक हजार स्पंद देणारा लेझर घेऊ. चढउतार एक टक्का असताना लाखात एक इतकी अचूकता हवी असेल, तर दहा लाख स्पंद लागतात, म्हणजे साधारण १७ मिनिटे. ही झाली दोन स्पंदांमधील एका अंतराची नोंद. अशा १०० नोंदी घ्यायच्या, तर २८ तास लागतील. तेवढ्या वेळात खोलीचे तापमान बदलते, आरसे किंचित सरकतात आणि कधी कधी नमुनाच खराब होतो.

मात्र चढउतार एक टक्क्यावरून एक दशांश टक्क्यावर आणला, तर वेळ शंभरपट वाचतो. २८ तासांचे काम १७ मिनिटांवर येते. म्हणून नोंद यंत्रणेचा कस वेगात नव्हे, तर हा चढउतार किती कौशल्याने वजा होतो, यात लागतो.

आजवर कोणती उपकरणे वापरली जातात?

मुख्यतः ‘लॉक-इन अँप्लिफायर’. पंपच्या वाटेत पाती असलेली फिरती चकती, म्हणजे ‘चॉपर’, बसवतात. त्यामुळे पंप ठरावीक लयीत चालू-बंद होतो. लॉक-इन फक्त त्या लयीचा संकेत उचलतो आणि बाकीचे गाळून टाकतो. जत्रेच्या कोलाहलातही एका ठेक्यावर वाजणारी हलगी वेगळी ऐकू येते, तसेच हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांचे नाव या उपकरणाशी जोडले जाते. दुसरे उपकरण ‘बॉक्सकार इंटिग्रेटर’. ते प्रत्येक स्पंदापुरती छोटी खिडकी उघडते, तेवढाच संकेत गोळा करते आणि मधल्या रिकाम्या वेळेतील खरखर आत येऊ देत नाही.

दोन्ही उपकरणे उत्तम आहेत, पण त्यांची किंमत लाखांत जाते. जोडीला संगणकात बसणारे डेटा कार्ड आणि त्याचे परवान्याचे सॉफ्टवेअर असते. कार्ड जुने झाले, की नव्या संगणकात ते बसवायला खाचच नसते. मग केवळ त्या कार्डासाठी जुना संगणक जपून ठेवावा लागतो.

स्वस्त पर्याय नेमके कोणते?

ठळक पर्याय तीन. पहिला, संगणकाचे साउंड कार्ड. ते मुळात आवाजासाठी असते; पण २४ बिटांत आणि सेकंदाला १,९२,००० पर्यंत नमुने घेणारी कार्डे बाजारात सहज मिळतात. एका वाहिनीवर फोटोडायोडचा संकेत आणि दुसरीवर चॉपरची लय दिली, की लॉक-इनचे काम सॉफ्टवेअरमध्ये करता येते. मर्यादा अशी की साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज नोंदवत नाही, फक्त बदल नोंदवते. त्यामुळे प्रोबची एकूण तीव्रता वेगळी मोजावी लागते.

दुसरा पर्याय मायक्रोकंट्रोलर. ‘टीन्सी’ किंवा ‘रास्पबेरी पाय पिको’ यांसारखे बोर्ड काहीशे ते काही हजार रुपयांत मिळतात. लेझरकडून ‘स्पंद सुटला’ असा इशारा येताच बोर्ड फोटोडायोडचे व्होल्टेज मोजतो आणि संगणकाकडे पाठवतो. फोटोडायोडचा संकेत काही नॅनोसेकंदांचाच असल्याने आधी एका साध्या सर्किटने तो काही दहा मायक्रोसेकंदांपर्यंत ताणून घ्यावा लागतो. संकेत असा पसरट झाला, की बोर्डाला मोजायला किंचित उशीर झाला तरी आकडा फारसा बदलत नाही.

तिसरा पर्याय ‘रेड पिटाया’सारख्या बोर्डांचा. स्लोव्हेनियातील कंपनीच्या या बोर्डाच्या एका लोकप्रिय प्रकारात १४ बिटांच्या दोन वाहिन्या असून, तो सेकंदाला साडेबारा कोटी नमुने घेतो. त्यातील एफपीजीए चिपची अंतर्गत जोडणी वापरणाऱ्याला हवी तशी बदलता येते. अर्जेंटिनातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये याच बोर्डावर लॉक-इनची रचना करून ती प्रसिद्ध केली. त्याची किंमत काही दहा हजार रुपये असली, तरी ती लॉक-इनच्या तुलनेत कमीच.

एक हजार हर्ट्झच्या लेझरसाठी माहितीचा ओघही फार नसतो. प्रत्येक स्पंदाला प्रोब, संदर्भ आणि चॉपरची स्थिती असे तीन आकडे नोंदवले, तर सेकंदाला सहा हजार बाइट होतात. तासाभराच्या नोंदी २२ एमबीच्या आतच बसतात. मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या व्हिडीओएवढाच हा डेटा.

बारा बिटांत लाखातला फरक कसा दिसेल?

ही शंका रास्त आहे. बारा बिट म्हणजे मोजपट्टीवर ४,०९६ पायऱ्या. एक पायरी म्हणजे साधारण चार हजारांत एक. मग लाखातला फरक तिच्यात कुठून दिसणार?

उत्तर सरासरीत दडले आहे. शंभर ग्रॅमच्याच खुणा असलेल्या काट्यावर भाजी तोलली आणि काटा थरथरत असेल, तर तो कधी १.२, कधी १.३ किलो दाखवेल. हजार वेळा वाचून सरासरी काढली, की १.२३ किलो असे उत्तर मिळू शकते. अट एवढीच की काटा खरोखर थरथरायला हवा. तो एकाच खुणेवर अडकून बसला, तर हजार वाचनांचाही उपयोग नाही.

लेझरचा एक टक्का चढउतार म्हणजे सुमारे ४१ पायऱ्या. पायऱ्यांमुळे येणारी अनिश्चितता एका पायरीच्या जेमतेम तीन दशांश असते. म्हणजे मोजपट्टीचा दोष लेझरच्या दोषाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशा वेळी महागडी मोजपट्टी आणून काहीच साधत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. मायक्रोकंट्रोलरमधील बारा बिटांपैकी शेवटचे एक-दोन बिट फारसे भरवशाचे नसतात. चढउतार वजा करून एक दशांश टक्क्यावर आणला, की हा दोष डोके वर काढतो. त्या टप्प्यावर काही हजार रुपयांची १६ बिटांची स्वतंत्र चिप जोडणे शहाणपणाचे ठरते.

चढउतार वजा कसा करतात?

दोन युक्त्यांनी. पहिली, प्रोबचा छोटा हिस्सा नमुन्याआधीच वेगळा काढून दुसऱ्या फोटोडायोडवर पाडायचा. लेझर वर-खाली झाला, तर दोन्हीकडे सारखाच परिणाम होतो. एकाला दुसऱ्याने भागले, की तो बराचसा नाहीसा होतो. दुसरी, चॉपर लेझरच्या निम्म्या लयीत, म्हणजे ५०० हर्ट्झवर फिरवायचा. त्यामुळे एका स्पंदाला पंप असतो आणि लगेच पुढच्याला नसतो. शेजारचे दोन स्पंद एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात. त्यांचा फरक घेतला, की संथ बदल वगळले जातात.

प्रत्येक स्पंदाची स्वतंत्र नोंद ठेवणे हा स्वस्त यंत्रणेचा मोठा फायदा आहे. पारंपरिक लॉक-इन बहुधा गाळून आलेली सरासरी हाती देतो. स्वतंत्र नोंद असेल, तर लेझरने मध्येच आचका दिलेले स्पंद नंतर ओळखून बाजूला काढता येतात आणि चूकही शोधता येते.

एखादा स्पंद निसटला तर?

सर्वात मोठा धोका हाच आहे. एका आड एक स्पंदाला पंप आहे, असे गृहीत धरून केवळ सम-विषम मोजणी ठेवली आणि यूएसबी जोडणीत एखादा आकडा गळाला, तर पुढची सारी मोजणी उलटी होते. ‘पंप आहे’ आणि ‘पंप नाही’ यांची अदलाबदल होते आणि उत्तराचे चिन्ह बदलते. नमुना जास्त पारदर्शक झाला असताना तो जास्त प्रकाश शोषतो, असा निष्कर्ष निघतो. आलेख मात्र सुबकच दिसतो. त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि ती थेट शोधनिबंधात जाऊ शकते.

उपाय सोपा आहे आणि जवळपास फुकट. प्रत्येक स्पंदासोबत चॉपरची प्रत्यक्ष स्थिती आणि एक चढता क्रमांक नोंदवायचा. क्रमांकात खंड दिसला, की तेवढा भाग टाकून द्यायचा.

दुसरा सापळा विजेचा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि ५०० हर्ट्झ ही त्याची बरोबर दहापट. त्यामुळे तारांमधून शिरलेली विजेची गुणगुण संकेताच्या लयीत मिसळू शकते. फोटोडायोडचे सर्किट बॅटरीवर चालवणे, सर्व उपकरणांचे अर्थिंग एकाच ठिकाणी करणे आणि सर्किट धातूच्या डबीत बंद करणे, हे त्यावरचे उपाय.

स्वस्त यंत्रणा कुठे कमी पडते?

सर्व लेझर सेकंदाला हजार स्पंदांचे नसतात. काही लेझर सेकंदाला आठ कोटी स्पंद देतात. तिथे पंपची लय मेगाहर्ट्झमध्ये नेली, की लेझरचा चढउतार आपोआप खूप कमी होतो आणि अतिशय सूक्ष्म संकेत पकडता येतात. साउंड कार्ड आणि साधा मायक्रोकंट्रोलर तिथे पोहोचू शकत नाहीत. एफपीजीए असलेला बोर्ड किंवा चांगला लॉक-इनच लागतो. स्पंदाचे सर्व रंग एकाच वेळी मोजणारा वेगवान कॅमेराही अजून स्वस्त नाही.

शिवाय स्वस्त यंत्रणेचा खर्च पूर्णपणे दिसत नाही. सर्किट जोडणे, प्रोग्रॅम लिहिणे, चुका शोधणे यांत विद्यार्थ्याचे महिने जातात. तो पदवी घेऊन गेला आणि मागे टिपणे राहिली नाहीत, तर पुढच्या विद्यार्थ्यासाठी ते खोके कुलूपबंद कपाटासारखेच असते.

लेझरच कोटींचा असेल, तर लाखभर वाचवून काय साधते?

लेझर एकदाच, मोठ्या अनुदानातून येतो. त्याच्या एकाच झोताचे भाग करून दोन-तीन टेबलांवर वेगवेगळे प्रयोग चालवता येतात. तिथे प्रत्येक टेबलाला स्वतःची नोंद यंत्रणा लागते आणि ती नसेल, तर टेबल रिकामे राहते. परदेशातून आणलेले उपकरण बिघडले, तर दुरुस्तीसाठी महिनोन् महिने जाऊ शकतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मात्र त्या काळासाठी थांबत नाही, ती संपत जाते. हजार रुपयांचा बोर्ड जळाला, तर दुसरा कपाटातून काढून लावता येतो.

खरेदीचे नियमही महत्त्वाचे ठरतात. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी विनानिविदा, विनादरपत्रक खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर नेली. लॉक-इनसारख्या उपकरणाला ही मर्यादा अपुरी पडू शकते. मायक्रोकंट्रोलर, चिप, फोटोडायोड मिळून होणारी खरेदी मात्र त्यात सहज बसते.

भारतात याला आधार आहे का?

आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतितीव्र, अतिलघु लेझर स्पंदांवर दीर्घकाळ संशोधन सुरू आहे. पुण्याच्या आयसरमध्येही अतिवेगवान वर्णपटविज्ञानाचे काम चालते. स्वस्त, खुल्या उपकरणांची परंपराही आपल्याकडे आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राच्या ‘फिनिक्स’ प्रकल्पातून ‘एक्सपाइज’ हे छोटे डेटा संकलन उपकरण तयार झाले. त्याची रचना आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले आहे. ते महाविद्यालयीन प्रयोगांसाठी असले, तरी संकेत घेणे, त्याचे आकड्यांत रूपांतर करणे आणि आलेख काढणे हे धडे त्यावर शिकलेला विद्यार्थी लेझरच्या टेबलावर नवखा राहत नाही.

अशा यंत्रणेवर विश्वास कधी ठेवायचा?

चार चाचण्या पार केल्यावर. पंप अडवला, तर उत्तर शून्य आले पाहिजे. प्रोब पंपच्या आधी पोहोचत असेल, तरीही ते शून्यच हवे, कारण तेव्हा घटना सुरूच झालेली नसते. प्रोब अडवून फक्त पंप सुरू ठेवला आणि तरीही संकेत दिसला, तर पंपचा विखुरलेला प्रकाश संवेदकात शिरतो आहे, असे समजावे. आणि मोजमापे शंभरपट केल्यावर अनिश्चितता दहापट घटली नाही, तर काहीतरी दडून बसले आहे, हे नक्की. शक्य असेल तर माहितीच्या नमुन्यावर एकदा उसन्या लॉक-इनशी ताळाही घ्यावा.

या चाचण्या महागड्या उपकरणालाही तितक्याच लागू आहेत. फरक एवढाच की नामांकित कंपनीच्या खोक्यावर विश्वास ठेवून त्या अनेकदा टाळल्या जातात. स्वतः जोडलेल्या सर्किटवर संशय असतो, म्हणून त्या केल्या जातात. हजार रुपयांच्या बोर्डावर घेतलेली नोंद शोधनिबंधात टिकेल की नाही, हे बोर्डाच्या किमतीवर नव्हे, तर या चाचण्यांवर ठरते.